जुन्या गाडीच्या बॅटरी केबल आणि विजेचे सांधे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या डिचोलीच्या खाणपट्ट्यात मी अठरा वर्षं डंपर आणि लोडरच्या वायरिंगवर काम केलं. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मी घरी आलो, आणि तेव्हापासून वाड्यावरच्या जुन्या गाड्या माझ्या अंगणात उभ्या राहायला लागल्या. मारुती ८००, ओम्नी, झेन, मधूनच एखादी फियाट. पाऊस लागला की रांग वाढते. चवथीच्या आदल्या आठवड्यात तर विचारू नका, गणपती आणायच्या दिवशीच गाडी रुसते. येणारे तेच तेच विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतो.

सकाळी सेल्फ मारला की नुसतं 'टक्' वाजतं. बॅटरी गेली ना?

गेली असेलही. पण दुकानाची वाट धरण्याआधी पाच मिनिटं थांबा. 'टक्' वाजलं म्हणजे सेल्फवरचा सॉलेनॉइड (चावी फिरवली की ओढला जाणारा चुंबकी स्विच) ओढला गेला, मोटर फिरवायला लागणारा करंट मात्र तिथवर पोचला नाही. बॅटरीत दम नसेल, वाटेतला एखादा सांधा खराब असेल किंवा सेल्फच बसला असेल.

हेडलाइट लावा आणि तसाच सेल्फ मारा. दिवे विझल्यागत झाले तर बॅटरी उतरलेली आहे किंवा बॅटरीजवळचा सांधा धरत नाही. दिवे लख्ख राहिले आणि तरी 'टक्' एवढंच, तर बॅटरीवर आळ घेऊ नका. दोष पुढे सेल्फकडे जाणाऱ्या वाटेवर आहे, सेल्फमध्येच आहे, किंवा इंजिनाच्या अर्थला, म्हणजे वीज बॅटरीच्या मायनसकडे परत नेणाऱ्या जोडाला.

मीटर (मल्टिमीटर) असेल तर रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. सेल्फ फिरत असताना आकडा ९.६ च्या खाली घसरू नये.

मी स्वतः यात फसलोय, तेही वायरमन असून. माझ्या १९९९ च्या मारुतीला चौदा महिन्यांत दोन बॅटऱ्या घातल्या. दुकानदार म्हणाला, 'हवाच तशी आहे, बॅटऱ्या टिकत नाहीत.' मलाही पटलं. तिसऱ्यांदा गाडी अडली तेव्हा चिडून खाली शिरलो. गिअरबॉक्सवरचा अर्थचा बोल्ट सोडवला तर थिंबल (केबलच्या टोकाला बसवलेलं धातूचं कडं) बोल्टाबरोबर हातात आलं आणि केबल तिथेच लोंबत राहिली. आतल्या तारांचा हिरवा भुगा झाला होता, चार-पाच तारा तेवढ्या शाबूत. त्या दोन्ही बॅटऱ्या चांगल्या होत्या. एक मी सुनेच्या भावाला फुकट देऊन टाकली होती, ती त्यानं पुढे तीन वर्षं वापरली. अजून ऐकवतो.

हे गोव्यातच इतकं का होतं? घाटावर भावाकडे हीच गाडी आहे, तिला काही होत नाही.

घाटावर खारा वारा नाही. बॅटरीचा खांब शिशाचा, त्यावरचं टर्मिनल पितळेचं किंवा शिशाचं, केबल तांब्याची, बोल्ट लोखंडाचा आणि तो कसलाय गाडीच्या पत्र्यावर. वेगवेगळे धातू एकमेकांना चिकटलेले आणि मध्ये खारट ओलावा, म्हणजे तिथे एक छोटी बॅटरीच तयार होते. त्यातला कमकुवत धातू झिजत जातो. मिठाला हवेतला ओलावा ओढून घ्यायची खोड असते, त्यामुळे पाऊस नसतानाही सांधा सुकत नाही. जून ते सप्टेंबरात आपल्याकडे साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. कळंगुट, हरमल, बाणावली या बाजूला राहणाऱ्यांना वर्षभर समुद्राची झुळूक मिळते आणि त्यांच्या टर्मिनललाही मिळते.

आमच्याकडे आत डिचोली-साखळीला मिठाचा त्रास कमी, पण खनिजाची लाल धूळ आहे. ती बॅटरीच्या डोक्यावर बसते, दमट होते आणि दोन खांबांमध्ये बारीक वाट तयार करते. मीटरची काळी पिन मायनस खांबावर ठेवा आणि लाल पिन बॅटरीच्या प्लॅस्टिकवरून फिरवा. आकडा दिसायला लागला तर बॅटरी उभ्या उभ्या गळते आहे. ओल्या फडक्यानं पुसा, एवढाच उपाय.

टर्मिनलवर पांढरी, कधी निळसर-हिरवी पावडर जमते. ती कशाची?

पांढरी शिशाच्या सल्फेटची, निळी-हिरवी तांब्याच्या. बॅटरीतून आम्लाची वाफ निघते ती तिथे बसते. थोडी जमणं साहजिक आहे. पण साफ केल्यावर महिन्याभरात पुन्हा डोंगर उभा राहिला तर एक तर खांबाच्या बुडाशी बारीक चीर आहे, नाही तर बॅटरी जास्त चार्ज होते आहे. गाडी सुरू ठेवून मोजा. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान ठीक, १५ कडे गेला तर अल्टरनेटरचा (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) रेग्युलेटर बघून घ्या. डिस्टिल्ड वॉटर वारंवार घालावं लागणं हेही त्याचंच लक्षण.

साफ कसं करायचं? मेस्त्री पेट्रोल टाकून ब्रश मारतात.

पेट्रोल नको. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्याला एक ठिणगी पुरते.

आधी हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. चेष्टा नाही. आमच्या वर्कशॉपात एकाच्या अंगठीतून शॉर्ट झाला, ती अंगठी कापून काढावी लागली. मग दहा नंबरचा पाना घेऊन मायनसचं टर्मिनल आधी सोडा. कारण साधं आहे: मायनस बॉडीला जोडलेला असतो. प्लस आधी सोडायला गेलात आणि पाना पत्र्याला टेकला तर पान्यातूनच शॉर्ट होतो. मायनस निघालेला असला तर पाना टेकला तरी काही होत नाही. लावताना उलट, मायनस शेवटी.

टर्मिनल अडकलं असेल तर स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, खांब आतून हलतो आणि बॅटरी खरोखरच जाते. नट पूर्ण सैल करा, टर्मिनलची फट किंचित उघडा, कोमट पाणी ओता, डावी-उजवीकडे हलक्या हातानं फिरवत वर काढा.

पेलाभर पाण्यात मोठा चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवा. बॅटरीची झाकणं घट्ट आहेत ना बघा, सोडा आत गेला तर आतलं आम्ल मारतो. जुन्या टूथब्रशानं लावलात की फसफसेल. फसफस थांबेपर्यंत लावत राहा, मग साध्या पाण्यानं धुऊन सुकवा. सुकल्यावर खांब आणि टर्मिनलची आतली बाजू पॉलिश पेपरनं घासा. शिसं मऊ असतं, चकाकी दिसली की थांबा. टर्मिनल बसवा, कसा आणि त्यानंतर वरून व्हॅसलीन फासा. आधी फासून मग कसू नका. चासीचं ग्रीस थापायची आपल्याकडे फार हौस, पण उन्हात ते वितळतं आणि धूळ धरतं.

त्या पावडरीत शिसं असतं. हात साबणानं धुतल्याशिवाय काही खाऊ नका आणि ते पाणी विहिरीच्या कठड्याजवळ ओतू नका.

बॅटरी खाली उतरवलीच आहे तर ट्रे बघून घ्या. गळलेल्या आम्लानं पत्रा खाल्लेला असतो. त्यालाही सोडा लावा, गंज खरवडा, प्रायमर आणि रंग द्या. आणि बॅटरी आवळणारी पट्टी परत बसवा! दहातल्या सहा गाड्यांना ती नसतेच. खड्ड्यात बॅटरी उडते, केबलला हिसके बसतात आणि मग म्हणायचं, केबल तुटली.

देवाची तांब्याची भांडी चिंचेनं, सोलांनी लखलखतात. टर्मिनलला चालेल?

नाही. चिंच आणि सोलं आंबट, म्हणजे आम्लच. इथे आम्ल मारायचं आहे, वाढवायचं नाही.

केबल वरून ठीक दिसते. आतून गेली आहे हे कसं कळणार?

दिसण्यावर जाऊ नका. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं आम्ल केबलमध्ये चढतं. टर्मिनलपासून तारांच्या मधून, रबराच्या आत, सरकत जातं. बाहेरून केबल नवी दिसते, आतल्या तारा काळ्या पडलेल्या. बोटांनी दाबून बघा, कुठे फुगलेली, कुठे करकरीत कडक वाटली तर संशय घ्या. थोडा वेळ सेल्फ मारल्यावर केबलचं टोक गरम लागलं तर संशय पक्का. विजेचा ताप होतो तिथे वीज वाया जाते.

खरी परीक्षा मात्र मीटरची, आणि ती सेल्फ फिरत असतानाच करायची. एक माणूस चावीवर बसवा. गाडी सुरू होऊ नये म्हणून कॉइलला (प्लगची ठिणगी तयार करते ती) जाणारी बारीक वायर काढून ठेवा. मीटर २० व्होल्ट डीसीवर.

काळी पिन बॅटरीच्या मायनस खांबावर, टर्मिनलवर नाही, मधोमध शिशाच्या डोक्यावर. लाल पिन इंजिनाच्या उघड्या धातूवर. रंग किंवा काजळी असेल तर खरवडून घ्या. आता 'मार' म्हणा. सेल्फ फिरताना ०.२ पर्यंत आकडा आला तर अर्थची बाजू चांगली. ०.५ किंवा वर गेला तर तेवढे व्होल्ट तुमच्या अर्थमध्ये जळतायत.

मग प्लसची बाजू: लाल पिन प्लस खांबावर, काळी सेल्फच्या जाड बोल्टवर, जिथे केबल येऊन मिळते. इथेही ०.२-०.३ पर्यंत चालतं, ०.५ म्हणजे काम निघालं.

आकडा मोठा आला की पिना जवळ आणत जायच्या. खांब ते टर्मिनल, टर्मिनल ते केबलचं थिंबल, थिंबल ते बॉडी, बॉडी ते इंजिन. एका सांध्यावर ०.१ पेक्षा जास्त दिसलं तर चोर तिथेच. दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका आणि मध्ये मिनिटभर विसावा द्या.

इतका बारीक आकडा का बघायचा? छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ शंभर-सव्वाशे अँपिअर सहज ओढतो. वाटेत ओहमचा शंभरावा भाग जरी रोध (विजेला अडथळा) जास्तीचा आला, तरी १२० गुणिले ०.०१ म्हणजे १.२ व्होल्ट गेले. बारा व्होल्टातले सव्वा व्होल्ट वाटेतच सांडले तर सेल्फ बिचारा काय करील?

पण मी ओहमवर मोजलं, 'बीप' वाजला. म्हणजे केबल चांगलीच ना?

माझी ती मारुतीची केबल, चार तारांवर लोंबणारी, तीही 'बीप' वाजवायची. बीपला एक तार पुरते. साध्या मीटरच्या पिनांचाच रोध ०.२-०.३ ओहम असतो, त्यात शंभरावा भाग कुठून दिसणार?

केबल बदलायची झाली तर कोणती घ्यावी?

तयार केबल मिळते, पण ती अनेकदा बारीक निघते. रबराचा जाडपणा बघून फसू नका, आतल्या तांब्याचा बघा. मारुती ८०० च्या वर्गाला १६ चौरस मिलिमीटर चालतं, पण मी २५ घालतो. डिझेल गाडीला ३५ च्या खाली उतरत नाही. लांबी जुन्या केबलएवढीच ठेवा, फार तर चार बोटं जास्त. इंजिन हलतं त्याला ढील हवी, पण वळसे नकोत.

आता एक फसवणूक सांगतो. स्वस्तात मिळणाऱ्या काही केबलींच्या तारा तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या असतात. वजनाला हलक्या लागतात. एक तार ब्लेडनं खरवडा, आत चांदीसारखा पांढरा रंग निघाला तर परत करा. ॲल्युमिनियम तांब्याच्या साठेक टक्केच वीज वाहून नेतं, आणि आपल्या खाऱ्या हवेत तांब्याला लागलेलं ॲल्युमिनियम किती दिवस टिकणार? उलट, वरून पांढरी आणि खरवडल्यावर आत लाल निघाली तर ती कथिल चढवलेली तांब्याची तार, म्हणजे लॉटरी. नदीतल्या बार्ज आणि मालीमच्या ट्रॉलरच्या कामाला हीच योग्य. समुद्राकाठी राहत असाल तर शोधून तीच घाला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा जेटीवरच्या वायरमनला जरा उसंत असते, त्याला विचारा.

ती मिळाली नाही तर वेल्डिंगची तांब्याची केबल उत्तम. बारीक बारीक तारांची, मऊ, हव्या त्या मापात तोडून मिळते. कुंडई, थिवी, डिचोली, कुठल्याही औद्योगिक वसाहतीजवळ वेल्डिंगचं सामान विकणारा असतोच. मात्र तिच्या रबराला पेट्रोल-ऑइल फारसं मानवत नाही, म्हणून वरून जाळीदार नळी चढवा आणि इंजिनाच्या गरम भागापासून लांब बांधा.

थिंबल ठोकून बसवू की डाख देऊ?

दोन्ही नको. हातोडी आणि छिन्नीनं ठोकलेलं थिंबल एका बाजूनं चेपतं, बाकी तारा मोकळ्याच राहतात, आणि त्या पोकळीत पावसाळा शिरतो. डाखाचं काम तसं पक्कं दिसतं, पण कथिल तारांमधून वर चढतं आणि जिथे थांबतं तिथे केबल काडीसारखी कडक होते. इंजिनाच्या थरथरीनं नेमकी त्या रेषेवर तुटते. त्यातून कोणी आम्लाचा फ्लक्स वापरला असेल तर केबल आतून खायची सोय त्यानंच करून ठेवली.

दाबयंत्रानं, म्हणजे सहा बाजूंनी चेपणाऱ्या हायड्रॉलिक क्रिंपरनं, थिंबल दाबून घ्या. पॅनल बोर्ड बनवणाऱ्या कुठल्याही इलेक्ट्रिशियनकडे ते असतं, दोन थिंबलांना पाच मिनिटं लागतात. नीट दाबलेलं थिंबल कापून बघितलं तर आत तारा वेगळ्या दिसत नाहीत, एकसंध गोळा दिसतो. आमच्या डंपरच्या केबली अशाच असायच्या आणि त्या गाडीपेक्षा जास्त जगायच्या. दाबल्यावर आतून गोंद सुटणारी उष्णतेची नळी चढवून गरम करा. काळी चिकटपट्टी गुंडाळू नका. एका उन्हाळ्यात तिचा गोंद सुटतो आणि खाली पाणी धरून बसते.

जुनी केबल वाचवायची असेल तर टोक कापत जा. लखलखीत तांबं दिसलं की तिथे नवं थिंबल. चार बोटं कापूनही काळंच निघत असेल तर मोह सोडा.

नवं टर्मिनल आणलं, पण खांबावर सैल बसतं. पत्र्याचा तुकडा घातला तर चालेल?

चालवतात सगळे. चालवू नका. खांब दोन मापांचे येतात. छोट्या जपानी पद्धतीच्या बॅटऱ्यांना बारीक, प्लस १४.७ आणि मायनस १३ मिलिमीटर. मोठ्यांना जाड, प्लस १९.५ आणि मायनस १७.९. प्लस नेहमी मायनसपेक्षा जाड असतो, चुकून उलटं लागू नये म्हणून. म्हणजे टर्मिनल चार प्रकारचं. दुकानात 'मारुतीचं टर्मिनल द्या' म्हणण्यापेक्षा बॅटरीचं माप आणि प्लस की मायनस ते सांगा. पत्र्याच्या तुकड्यानं आणखी एक धातू आणि आणखी दोन सांधे वाढवलेत, एवढंच.

अर्थ कुठे कुठे शोधायचा? मला तर एकच काळी केबल दिसते.

हाच माझा आवडता प्रश्न, कारण कोणी विचारत नाही. प्लसची काळजी सगळे घेतात. तो लाल असतो, डोळ्यांत भरतो. पण जेवढी वीज प्लसनं जाते तेवढीच परत यावी लागते.

बॅटरीचा मायनस बॉडीला, बॅटरीचा मायनस गिअरबॉक्सला किंवा इंजिनाला, आणि इंजिन ते बॉडी एक विणलेली तांब्याची पट्टी, अशी साधारण मांडणी. गाडीगणिक फरक असतो. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून पट्टी नसेल तर त्याला बॉडीशी थेट विजेचं नातंच नाही. क्लच किंवा गिअरबॉक्सचं काम झाल्यावर ही पट्टी परत लावायची राहते, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता गाडी येताच विचारतो, 'हल्ली क्लच केला होता का?'

पट्टी नसली की वीज दुसरी वाट काढते. ॲक्सिलरेटरची केबल, क्लचची केबल, चोकची केबल, मिळेल तिथून. पर्वरीहून एक काका आले होते, त्यांची तक्रार अशी की सेल्फ मारल्यावर ॲक्सिलरेटर जड होतो. दोन मेस्त्र्यांनी केबल बदलून दिली होती. मी त्यांना सेल्फ मारायला लावला आणि केबलच्या आवरणावर बोट ठेवलं. चटका बसला. आतलं प्लॅस्टिक वितळून तार धरत होती. एक पट्टी लावली, पुढे काही तक्रार नाही.

पट्टी लावताना बॉडीवरचा रंग नाण्याएवढ्या गोलात पूर्ण खरवडा, दातेरी वॉशर घाला, घट्ट कसा आणि मग वरून व्हॅसलीन किंवा रंग. रंगावरच बोल्ट कसणं म्हणजे शोभेचा अर्थ. गाडीचं डेंटिंग-पेंटिंग नुकतंच झालं असेल तर सगळे अर्थचे बोल्ट एकदा तपासा, पेंटरनं प्रेमानं सगळ्यावर फवारा मारलेला असतो.

रात्री घाटात हेडलाइट काजव्यासारखे वाटतात. जास्त वॅटचे बल्ब घालू?

मुळीच नको. जुन्या गाड्यांत हेडलाइटची सगळी वीज डॅशबोर्डावरच्या स्विचमधून फिरून येते. ५५ वॅटचे दोन बल्ब म्हणजे नऊ-सव्वानऊ अँपिअर, बारीक वायरमधून, वीस वर्षांच्या स्विचमधून. शंभर वॅटचे घातलेत की स्विच आणि होल्डर वितळतात.

इंजिन सुरू ठेवून बॅटरीवर मोजा, मग बल्बच्या मागच्या सॉकेटवर, बल्ब पेटलेला असताना. बल्बचा उजेड व्होल्टच्या मानानं झपाट्यानं पडतो. दहा टक्के व्होल्ट कमी झाले तर उजेड तीस टक्के घटतो. त्यामुळे दीड व्होल्ट वाटेत जात असेल तर नवा बल्ब घालून उपयोग नाही.

आधी दिव्यामागचे अर्थचे स्क्रू साफ करा, निम्म्या गाड्यांचं काम तेवढ्यावर होतं. उरलेल्यांना रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) बसवा. बॅटरीच्या प्लसवरून फ्यूज घेऊन २.५ चौरस मिलिमीटरची वायर रिलेच्या ३० नंबरला, ८७ वरून बल्बला, आणि जुनी स्विचची वायर ८६ ला, ८५ अर्थला. आता स्विचवर फक्त रिलेचा किरकोळ भार. लो आणि हायला वेगवेगळा रिले. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा, दिव्यापाशी नाही. वाटेत वायर घासली तर वाचवणार कोण?

इंजिन सुरू असताना टर्मिनल काढून अल्टरनेटर तपासतात, ते बरोबर?

अल्टरनेटरच्या आधी गाड्यांना डायनॅमो असायचा, त्या काळातली ती खोड आहे. अल्टरनेटरच्या गाडीत बॅटरी अचानक निघाली की व्होल्ट क्षणात कितीतरी पटींनी उसळतो. डायोड, रेग्युलेटर, इंजेक्शनच्या गाडीत कॉम्प्युटर, काहीही जाऊ शकतं. मेस्त्रीचा हात टर्मिनलकडे गेला की चावी बंद करा. सैल टर्मिनल असलेली गाडी खड्ड्यातून जाते तेव्हा हेच आपोआप घडत असतं, हेही लक्षात ठेवा.

घरात तारवटी (खलाशी) आहे, सहा-सात महिने जहाजावर. परत येतो तेव्हा बॅटरी मेलेली. उपाय?

मायनस काढून ठेवून जा. चांगल्या गाडीतही घड्याळ, स्टिरिओ असं मिळून ५० मिलिअँपिअरपर्यंत गळती चालते असं धरतात. हिशेब करा: दिवसाला १.२ अँपिअर-तास, म्हणजे ३५ अँपिअर-तासांची बॅटरी महिन्याभरात कोरडी. काढून ठेवली तरी बॅटरी स्वतःहून उतरतेच, म्हणून दीड-दोन महिन्यांनी कोणाकडून तरी चार्जरवर लावून घ्या. शेजाऱ्यानं आठवड्याला दोन मिनिटं गाडी सुरू करून ठेवण्यात काही मिळत नाही. बॅटरीत जाणारं नाममात्र, आणि सायलेन्सरमध्ये पाणी साचतं ते वेगळं.

चार दिवसांतच उतरत असेल तर गळती शोधा. मायनस केबल काढून मीटर १० अँपिअरच्या भोकात लावा, एक पिन खांबावर, एक केबलला, दारं बंद. मग फ्यूज एकेक काढत जा. आकडा पडला की तोच दोषी. मीटर लावलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. बहुतेक वेळा चोर निघतो तो नंतर बसवलेला स्टिरिओ किंवा डिकीतला दिवा.

उंदीर वायर कुरतडतात. काय करावं?

गाडी सोडणांच्या (नारळाच्या सालींच्या) ढिगाशेजारी लावू नका, हा पहिला सल्ला. बाकी तंबाखूची पुडी, डांबरगोळ्या, सगळं करून झालंय, उंदीर सरावतात. बोनेट रात्री उघडं ठेवल्यानं अंधार जातो, त्याचा थोडा उपयोग होतो. कुरतडलेली वायर नुसती पिळून पट्टी गुंडाळू नका, दाबून जोड द्या आणि नळी चढवा.

पुराचं पाणी सीटपर्यंत आलं होतं. उतरल्यावर सुरू करून बघू का?

चावीला हातही लावू नका. आधी मायनस काढा. साखळी-डिचोलीसारखं गोडं पाणी असेल तर नशीब. भरतीचं खारं असेल तर त्याच दिवशी सगळे सॉकेट उघडून गोड्या पाण्यानं धुवावे लागतात, मीठ सुकलं की आत घर करतं. मग हवा मारून सुकवणं, कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा, आणि सेल्फ व अल्टरनेटर उतरवून उघडणं. इंजिनात पाणी गेलंय का हा वेगळाच विषय, तो आधी मेस्त्रीकडून बघून घ्या. वायरिंगवर डिझेल फवारायचा सल्ला कोणी दिला तर नमस्कार करा आणि विसरा.

दुसऱ्या गाडीवरून करंट देताना केबल कशा क्रमानं लावायच्या?

लाल आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडाला ठिणगी उडते, ती बॅटरीच्या डोक्यावर नको. काढताना उलट क्रम. फुटपाथवर मिळणाऱ्या बारीक जंपरनं काही होत नाही, त्या नुसत्या तापतात.

माझी फियाट आहे, डायनॅमोची. तिला हेच लागू?

सांध्यांचं सगळं तेच. दोन गोष्टी वेगळ्या. एक, आयडलला चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणला तर घाबरू नका, डायनॅमो कमी फेऱ्यांत वीज देतच नाही. दोन, तिचे चिनी मातीचे फ्यूज. दोन्ही टोकं उघडी, स्प्रिंगच्या पट्टीत धरलेली, आपल्या हवेत हमखास गंजतात. वायपर बंद, हॉर्न बंद म्हणून लोक येतात आणि मी फ्यूज बोटानं जागच्या जागी फिरवतो, चालू होतं. पण ते तात्पुरतं. फ्यूज काढा, पट्ट्या पॉलिश पेपरनं घासा, पकडीनं किंचित आवळा.

फार जुनी ब्रिटिश घडणीची गाडी असेल तर बॉडीला प्लस जोडलेला असू शकतो. तिथे 'मायनस आधी काढा' हा नियम उलटतो. बॉडीला जो खांब जोडलेला तो आधी.

एवढं करून बॅटरी खरंच गेलेली निघाली तर जुनीचं काय करायचं?

नवी घेताना दुकानदाराला द्या, त्याचे पैसे वजा होतात. भंगारवाल्याला देऊ नका. तो आम्ल माडाच्या मुळाशी ओततो, आणि मग माड का सुकला म्हणून कृषी अधिकाऱ्याकडे जावं लागतं. नवी बसवायच्या आधी मात्र टर्मिनल, केबल आणि गिअरबॉक्सवरचा तो बोल्ट साफ करून घ्या. दुकानातला पोरगा नवी बॅटरी जुन्या पावडरीवरच दाबून बसवतो, तेव्हा दहा नंबरचा पाना त्याच्या हातून घ्यायला लाजू नका.